‘खासगी वितरणासाठी’: विद्यार्थ्यांच्या पत्राचा अल्बम कसा झाला?

१.
आजचा थ्रेड किल्ल्यांवर नाही आणि लढायांवरही नाही. विषय आहे महाविद्यालयाचा वार्षिकांक. कार्यालयाच्या खिडकीतून तो हाती पडतो, आपण त्यात स्वतःचे छायाचित्र शोधतो आणि नंतर तो माळ्यावर टाकून देतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्यांचे पत्र ही महाराष्ट्रात एकेकाळी समाजाला हलवणारी गोष्ट होती. संस्थांनी तिचा अल्बम केला आणि इतिहासप्रेम मिरवणाऱ्या आपण तो अल्बमही रद्दीत घातला. थ्रेड लांब आहे. शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल भांडा.

२.
गेल्या पावसाळ्यात मांडव्याला नात्यातल्या एका घराचा माळा उतरवला. तांब्याची भांडी, जुनी जाळी, तुटका पाळणा आणि त्यांच्याखाली वाळवीने अर्धे फस्त केलेले काही वार्षिकांक निघाले. प्राचार्यांचे मनोगत शाबूत होते, जिमखान्याचा अहवालही शाबूत होता. एका लेखाचे मात्र मधलेच पान उरले होते. पावसाळ्यात लाँच बंद झाली की मुंबईच्या वसतिगृहातल्या मुलाला आपले गाव डोळ्यांसमोर असूनही किती लांबचे वाटते, एवढेच त्या पानावर होते. पहिले पान नव्हते, म्हणून लिहिणाऱ्याचे नावही नव्हते. महाविद्यालयाचे नाव मी सांगणार नाही, कारण ही तक्रार एका महाविद्यालयापुरती नाही.

३.
तो मुलगा काय म्हणत होता हे समजण्यासाठी मांडव्याची जागा लक्षात घ्यावी लागते. गेटवेहून लाँचने इथे यायला तासभर लागतो. पावसाळ्यात लाँच बंद राहतात. मग पेण-पनवेलचा वळसा घेऊन सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागे. भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट सुरू झाली ती २०२० मध्ये. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांसाठी वरचे शिक्षण घेणे म्हणजे समुद्र ओलांडणे होते. या मुलामुलींना पलीकडच्या शहराविषयी काय वाटले आणि परत आल्यावर स्वतःच्या गावाविषयी काय वाटले, याची नोंद कुठे आहे? १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये भात, मीठ आणि बंदरे सापडतात. तिथला विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सापडत नाही.

४.
याच पाण्यातले एक उदाहरण घ्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी काहींना वाचवले. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि त्या आनंदात हा आकांत बुडून गेला. या किनाऱ्यावरची जी मुले तेव्हा मुंबईत शिकत होती, त्यांनी त्या वर्षीच्या अंकांत काय लिहिले असेल? आज हा प्रश्न घेऊन एखादा संशोधक निघाला, तर त्याने कोणत्या दारात जावे? त्या वर्षीचे सगळे महाविद्यालयीन अंक एका जागी असलेले कपाट मला तरी कोणी दाखवावे.

५.
नोंद जपणे आपल्याला जमतच नाही, असे कोणी म्हणू नये. मांडव्यापासून विसेक किलोमीटरवर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळताच, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म मोजणी बिघडू नये म्हणून १९०४ मध्ये ती कुलाब्याहून इथे हलवण्यात आली. संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात पुढची दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली. हेतू एकच होता, जुन्या-नव्या नोंदींचा धागा तुटू नये. ट्राम विजेवर धावल्या १९०७ मध्ये. म्हणजे संकट यायच्या तीन वर्षे आधीच नोंदींची सोय झाली होती. चुंबकसुईच्या थरथरीसाठी आपण एवढे केले. माणसाच्या लेकरांच्या लिखाणासाठी काय केले?

६.
आता मूळ इतिहासाकडे वळू. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे होते. आज त्या वयाच्या मुलाला आपण वार्षिकांकाच्या ‘विद्यार्थी प्रतिनिधी’ या रांगेत शेवटून दुसरे उभे करतो. जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड यांची पिढी त्याच वर्गांतून घडली. मराठीतले पत्र आणि मराठी मुलुखातला वर्ग एकाच माणसाच्या हातात वाढले, हे विसरता कामा नये.

७.
१३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. दादाभाई तेव्हा बावीस वर्षांचे होते. हिच्याच मराठी आणि गुजराती शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे होते. सभेत निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा आणि मग ते छापायचे, असा क्रम होता. त्यातूनच १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले आणि १८६७ पर्यंत चालले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आहे. म्हणजे आपल्याकडे विद्यार्थिसभेचे मासिक आधी आले आणि विद्यापीठ सात वर्षांनी.

८.
या सभेतल्या तरुणांनी निबंध छापून हात झटकले नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी स्वतःच विनावेतन शिकवले. समाजाने नाके मुरडली, तरी शाळा चालल्या. १८५१ मध्ये दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ काढले. सभा, मासिक, शाळा आणि वृत्तपत्र या सगळ्या गोष्टी एकाच मुळातून फुटल्या. लिहिणारा मुलगा आपण लिहिलेल्याला बांधील असतो, हा त्या पत्रांचा धर्म होता. आजच्या ‘स्त्रीशिक्षण : काळाची गरज’ या छापील निबंधाशेजारी हे ठेवून पाहा. निबंध तोच आहे, बांधिलकी मात्र गळून गेली.

९.
इथवर वाचून ‘जुने ते सोने’ असा निष्कर्ष काढू नका. त्या काळी वर्गात बसलेली मुले मूठभर जातींतली आणि बहुतेक सगळी मुलगेच होती. सरकारचा डोळाही होता. १८६७ च्या छापखाना आणि पुस्तक नोंदणी कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची केली. पण एक गंमत पाहा. परक्या सरकारने नजर ठेवण्यासाठी का होईना, छापील कागद मोजला आणि त्याच्या याद्या केल्या. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांचा माग लागतो. स्वकीय संस्थांनी मुलांच्या लिखाणावर नजर तेवढी ठेवली, नोंद ठेवली नाही.

१०.
नजर ठेवणाऱ्याच्या पैशांवर पत्र चालवले की काय होते, याचा धडा ‘शालापत्रक’ देते. शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघणारे हे मासिक आधी कृष्णशास्त्री आणि मग विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या हाती होते. त्यातल्या टीकेने सरकारची नाराजी ओढवली आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. विष्णुशास्त्र्यांना मात्र फिकीर नव्हती. त्यांनी १८७४ मध्येच स्वतःची ‘निबंधमाला’ सुरू केली होती. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले. त्यांची मते पटोत वा न पटोत, आश्रयदात्याने हात काढून घेतला तरी लेखणी थांबली नाही, कारण दुसरे घर आधीच बांधून ठेवलेले होते.

११.
जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ चे, म्हणजे चोवीस वर्षांचे. डेक्कन कॉलेज सोडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाविद्यालयाच्या आवारात रात्र-रात्र चाललेल्या वादांना ही पत्रे फुटलेली पालवी होती. आज कोणत्या महाविद्यालयाच्या आवारात पुढच्या ‘केसरी’चे बी पडते आहे? आणि पडले, तर ते रुजू देणारी माती आहे का?

१२.
विसाव्या शतकात महाविद्यालये वाढली आणि प्रत्येकाला आपला अंक हवासा झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा ‘राजारामियन’ आणि सांगलीच्या विलिंग्डनचा ‘विलिंग्डोनियन’ ही नावेच बोलकी आहेत. अंकाचे नाव संस्थेच्या नावावरून पडले. ‘दर्पण’, ‘ज्ञानप्रसारक’ आणि ‘केसरी’ ही नावे पत्राने काय करायचे ते सांगत. नवी नावे पत्र कोणाच्या मालकीचे ते सांगू लागली. या अंकांत चांगले लिखाण नव्हते असे मुळीच नाही. पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांनी पहिली अक्षरे तिथेच छापलेली पाहिली. पण बदलाची दिशा तेव्हाच ठरली होती.

१३.
आपले म्हणणे कोणी छापत नसेल तर काय करायचे, हे या रायगड किनाऱ्याने एकदा दाखवून दिले आहे. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. जमिनी पडीक राहिल्या, चुली विझल्या, संप टिकला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ काढला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ‘कृषीवल’ विद्यार्थ्यांचा नव्हता. इथे त्याचे नाव घेतले ते एवढ्यासाठी की शेतावर राबणाऱ्या माणसांना स्वतःच्या पत्राची गरज कळली आणि त्यांनी ती भागवली. त्यांच्या शिकलेल्या नातवंडांना ती कळू नये?

१४.
‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर मुंबईतल्या काही पोरांनी देऊन ठेवले आहे. १९५४ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले. चित्र्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे ते तेव्हा कोवळ्या वयाचे होते. छापखाना परवडणारा नव्हता, म्हणून अंक सायक्लोस्टाइल करून निघाला. मराठीतली लघुनियतकालिकांची चळवळ अशा गरीब कागदांपासून सुरू झाली. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ आले. गुळगुळीत आर्टपेपरवर छापलेल्या शेकडो वार्षिकांकांपेक्षा या फिकट शाईच्या पानांनी मराठी कविता अधिक बदलली.

१५.
दुसरे उत्तर औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तिथे महाविद्यालय सुरू केले, तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या ज्या घरांत पूर्वी पाटीही आली नव्हती, त्या घरांतली मुले तिथे शिकली आणि लिहू लागली. त्याच परिसरात १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघाले आणि पुढच्या वर्षी ते ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक गंगाधर पानतावणे हे प्राध्यापक होते. म्हणजे माझा राग प्राध्यापकांवर नाही. प्राध्यापकाने मुलाच्या हातून लेखणी काढून घेतली की देऊ केली, एवढाच प्रश्न आहे. मिलिंदच्या परिसराने लेखणी दिली आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले.

१६.
आता आजचा वार्षिकांक उघडा. संस्थापकांचे चित्र, अध्यक्षांचा संदेश, सचिवांचा संदेश, प्राचार्यांचे मनोगत. मग सत्कार, उद्घाटने, दीपप्रज्वलन. मग विभागांचे अहवाल, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, वृक्षारोपण. मुलांचा मजकूर सुरू होतो तो शंभर पानांच्या अंकात चाळिसाव्या पानाच्या पुढे. तिथेही ‘आई’, ‘पाऊस’, ‘मोबाइल : शाप की वरदान’. वसतिगृहाच्या पाण्याविषयी, रखडलेल्या शिष्यवृत्तीविषयी किंवा निकालाच्या घोळाविषयी एक ओळ नाही. ज्यांच्या नावाने अंक निघतो, त्यांचे वर्ष कसे गेले हेच त्यात नसते. हा अंक विद्यार्थ्यांसाठी निघतच नाही. नॅकच्या समितीसमोर ठेवायचा तो एक पुरावा असतो.

१७.
मुले असे मिळमिळीत का लिहितात? ती मिळमिळीत आहेत म्हणून नव्हे. त्याच मुलांचे आपसातले संदेश वाचा, धार दिसेल. संपादक मंडळ कसे नेमले जाते ते पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेतल्या खुल्या निवडणुका जाऊन गुणांवर आधारित नेमणुका आल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परतली, पण अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. आपला प्रतिनिधी आपण निवडायचा, ही सवयच जिथे मोडली, तिथे आपला संपादक आपण निवडावा हे कोणाला सुचणार? ‘विद्यार्थी संपादक’ ही छायाचित्रापुरती पदवी होऊन बसली.

१८.
आणि पैसा कोणाचा? प्रवेशाची पावती काढून पाहा. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना यांच्या रांगेत ‘मॅगझिन फी’ असा एक रकाना अनेक ठिकाणी सापडेल. म्हणजे विष्णुशास्त्र्यांच्या ‘शालापत्रका’सारखी ही सरकारी देणगी नव्हे. पैसे तुमचे आहेत. घर तुमच्या पैशाने बांधायचे, दारावर पाटी दुसऱ्याची लावायची आणि आत बसायला परवानगी तुम्ही मागायची! व्यापारात याला काय म्हणतात ते कोळीवाड्यातली मासळी विकणारी बाईसुद्धा सांगेल.

१९.
जगात इतरत्रही प्रशासनांना असा मोह होतो. अमेरिकेत केंटकी स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९२ ते १९९४ या काळाचे वार्षिक पुस्तक तयार केले. प्रशासनाने ते वाटूच दिले नाही, सगळ्या प्रती अडकवून ठेवल्या. आक्षेप काय होते? मुखपृष्ठ जांभळे होते आणि विद्यापीठाचे रंग हिरवा नि सोनेरी. अनेक छायाचित्रांखाली नावे नव्हती. आवाराबाहेरच्या घडामोडींची चित्रेही आत होती. विद्यार्थी न्यायालयात गेले. २००१ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने निकाल दिला की अंक जप्त करून विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग केला.

२०.
त्या निकालातले मर्म ध्यानात घ्या. तो खटला एखाद्या जहाल लेखावरून झाला नव्हता, तो चक्क एका छायाचित्रांच्या पुस्तकावरून झाला होता. या वर्षात कोणते चित्र महत्त्वाचे, हे ठरवणे हेसुद्धा मत मांडणे आहे. म्हणून ‘वार्षिकांकात कसले आले स्वातंत्र्य, तो तर फोटोंचा अल्बम’ हा युक्तिवाद टिकत नाही. अल्बमही विद्यार्थ्यांनी रचला तर तो इतिहास होतो. संस्थेने रचला तर ती जाहिरात होते. दोन्हींत चित्रे तीच असू शकतात, निवडणारा हात वेगळा असतो.

२१.
आता आक्षेप. पहिला असा की ‘या अंकांत असते काय? कच्च्या कविता आणि उसने निबंध. ते जपून इतिहासाला काय मिळणार?’ मित्रहो, इतिहासाचे साधन सुंदर असावे लागत नाही. मोडी रुमालांतला हिशेब काव्यमय असतो म्हणून आपण तो वाचतो का? वार्षिकांकातल्या नावांच्या यादीवरून कोणत्या वर्षी कोणत्या गावची किती मुले आणि मुली शिकत होत्या हे कळते. मागच्या पानांवरच्या जाहिराती बाजारपेठ सांगतात. उसना निबंधसुद्धा सांगतो की त्या वर्षी कोणता विचार उसना घेण्याजोगा वाटत होता.

२२.
दुसरा आक्षेप असा की ‘आता समाजमाध्यमे आहेत, मुले तिथे लिहितात, छापील अंकाचे प्रयोजन संपले.’ हा थ्रेडसुद्धा इथेच लिहिला जात असल्याने मी याचे उत्तर टाळू शकत नाही. उद्या हे खाते बंद झाले की हे शब्द गेले. ते परदेशातल्या एका कंपनीच्या मर्जीवर उभे आहेत. वाळवीने किमान एक पान तरी मागे ठेवले, बंद पडलेले संकेतस्थळ तेवढेही ठेवत नाही. दुसरे म्हणजे संपादन. लिहिणे, लिहिलेले दुसऱ्याने तपासणे, त्यावरून भांडणे, नावानिशी जबाबदारी घेणे आणि चूक झाली तर पुढच्या अंकात ती कबूल करणे, हे शिक्षण टिप्पण्यांच्या गदारोळात मिळत नाही.

२३.
तिसरा आक्षेप ‘मुलांच्या हाती दिले तर संस्थेची बदनामी होईल’ असा. होऊ शकते, हे मी मान्य करतो. मुले चुकतील, कोणावर अन्यायही करतील. त्यासाठी देशाचा कायदा आहे, मार्गदर्शक प्राध्यापक आहेत, खुलासा छापायची सोय आहे. हार्वर्डचे ‘क्रिमसन’ १८७३ पासून आणि येलचे ‘येल डेली न्यूज’ १८७८ पासून विद्यार्थी चालवतात. आपल्याच विद्यापीठावर ती सडकून टीका करतात आणि विद्यापीठे जागच्या जागी उभी आहेत. जी संस्था विसाव्या वर्षातल्या मुलाच्या एका लेखाने कोसळेल, तिच्या पायात आधीच वाळवी लागलेली असणार.

२४.
आता या थ्रेडच्या मथळ्याकडे. अनेक वार्षिकांकांवर बारीक अक्षरांत छापलेले असते: ‘खासगी वितरणासाठी’. १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा सांगतो की प्रकाशित पुस्तकाची प्रत तीस दिवसांत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी. त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. ‘खासगी’ अंकाला ही सक्ती लागते की नाही, हा काथ्याकूट वकिलांनी करावा. पण सक्ती नसली तरी मनाई कोणी केली आहे? मुंबईतल्या ग्रंथालयाला एक प्रत द्यायला किती खर्च येतो? हजारो मुलांच्या फीतून छापलेली वस्तू ‘खासगी’ कशी, हाही प्रश्न आहेच.

२५.
संस्थांना पुरेसे बोल लावले, आता आपल्याकडे पाहू. शिवकाळातल्या एका पत्राच्या तारखेवरून आपण रात्र-रात्र वाद घालतो. ते योग्यच आहे. पण स्वतःच्या महाविद्यालयाचा पन्नास वर्षांपूर्वीचा अंक ग्रंथालयात आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? स्वतःच्या आईचा पहिला छापील लेख कोणत्या अंकात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? शंभर वर्षांपूर्वीच्या वाळवीला शिव्या देताना आजच्या वाळवीला आपण स्वतःच खाऊ घालतो आहोत. पुढच्या शतकातला अभ्यासक आपल्याला दप्तरे जाळणाऱ्यांच्याच पंगतीत बसवील आणि ते चुकीचे ठरणार नाही.

२६.
म्हणून चार कामे सांगतो.
एक: घरातले, नातेवाइकांचे जुने वार्षिकांक शोधा. मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत प्रत्येक पानाचे नीट छायाचित्र घ्या. वर्ष आणि महाविद्यालयाचे नाव त्यावर घाला.
दोन: मूळ प्रत रद्दीत देऊ नका. तालुक्याच्या किंवा गावच्या वाचनालयाला पोचपावती घेऊन द्या.
तीन: आपल्या महाविद्यालयाकडे लेखी मागणी करा की ‘मॅगझिन फी’चा हिशेब मिळावा आणि संपादक विद्यार्थ्यांनी निवडावा.
चार: मागणी फेटाळली तर रडत बसू नका. भित्तिपत्रकाला एक कार्डशीट आणि चार खिळे लागतात. ‘शब्द’वाल्यांकडे याहून फार जास्त नव्हते.

२७.
आणि अंक काढाल तेव्हा पहिल्या पानावर मुलांचे वर्ष येऊ द्या. लाँच किती दिवस बंद होती, एसटीचा पास कितीला झाला, कोणत्या विषयाला वर्षभर शिक्षक नव्हते, कोण मुलगी लग्न ठरल्यामुळे शिक्षण सोडून गेली आणि कोण त्याविरुद्ध उभी राहून परत आली. हे लिहा. नावानिशी, तारखेनिशी, पडताळून लिहा. पाहुण्यांचे हारतुरे शेवटच्या पानावर गेले तरी चालतील. त्यांची छायाचित्रे घरी लावलेली असतात, तुमच्या वर्षाची नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही.

२८.
मांडव्याच्या माळ्यावर सापडलेले ते एक पान मी स्वच्छ करून ठेवले आहे. कोरडे करून दोन कागदांमध्ये दाबून ठेवले, त्याची छायाचित्रे काढली. लिहिणारा कोण होता, हे अजून कळलेले नाही. तो कदाचित आज सत्तरीचा असेल आणि याच किनाऱ्यावरच्या एखाद्या पडवीत बसला असेल. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबा किंवा काका असे असतील, ज्यांनी तरुणपणी पावसाळ्यात बंद पडलेल्या लाँचवर एक लेख लिहिला होता, तर त्यांना विचारा. लेखाचा शेवट त्यांना आठवत असेल, तर तो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मला कळवा. पुढच्या थ्रेडची सुरुवात मी त्यानेच करीन.